गिअरबॉक्स गेला म्हणण्याआधी क्लचवायर तरी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या वाचकांच्या पत्रांत मागे वाडीतल्या एका गृहस्थांचं पत्र आलं होतं, की त्यांची जुनी स्प्लेंडर गिअरला फार कडक झालीय, सिग्नलला न्यूट्रल लागत नाही, सकाळी पहिला टाकला की खाडकन आवाज येऊन गाडी पुढे उडी मारते, आणि गॅरेजवाल्याने बघता बघता सांगून टाकलं, "गिअरबॉक्स गयुं काका, एन्जिन खोलवुं पडशे", म्हणजे गिअरबॉक्स गेला, इंजिन खोलावं लागेल. आता एवढा खर्च करायचा की गाडी भंगारात द्यायची असं त्यांनी विचारलं होतं. त्या पत्राला कोणीतरी नीट उत्तर देईल म्हणून वाट बघितली, कोणी दिलं नाही, म्हणून हे लांबलचक पत्र लिहितोय. जागा कमी असेल तर दोन भागात छापा, पण कृपा करून कापू नका, कारण हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाहीये, आपल्या बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, खारीवाव, वाडी सगळीकडे वाड्याच्या दारात एक तरी वीस-पंचवीस वर्षांची बाइक उभी असतेच आणि तिचा मालक तिच्याशी असाच झगडत असतो.

पहिल्यांदा एक गोष्ट सांगतो. गिअर कडक लागणं आणि गिअरबॉक्स जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या गाडीत गिअर कडक होतो त्याची बहुतेक कारणं गिअरबॉक्सच्या बाहेर असतात, क्लचवायरमध्ये, ऑइलमध्ये, लिव्हरमध्ये, चेनमध्ये, आणि ती सगळी इंजिन न खोलता बघता येतात. म्हणून बाहेरून आत यायचं. आपल्याकडे उलटं चालतं, आधी इंजिन खोलतात, आणि खोलल्यावर तेच पार्ट परत बसवून खालची क्लचवायर घट्ट करून देतात, गाडी सुधारते, आणि लोकांना वाटतं गिअरबॉक्सचं काम झालं म्हणून सुधारली!

असं का होतं ते समजायला आत काय आहे ते थोडं माहीत पाहिजे. बाइकच्या गिअरबॉक्समध्ये गिअरचे दात एकमेकांपासून सुटत नाहीत, सगळ्या जोड्या कायम एकमेकांत अडकलेल्याच असतात आणि फिरत असतात. आपण पायाने लिव्हर दाबतो तेव्हा आतला एक ड्रम एक घर फिरतो, त्या ड्रमच्या खाचेत बसलेले काटे गिअरला शाफ्टवर बाजूला सरकवतात, आणि गिअरच्या बगलेला जे जाड खुंट असतात ते शेजारच्या गिअरच्या भोकात किंवा खुंटांमध्ये जाऊन बसतात. त्यालाच मेकॅनिक लोक डॉग म्हणतात. आता हे खुंट सहज आत जायचे तर त्या वेळेला त्यांच्यावर इंजिनचा जोर असता कामा नये, आणि तो जोर काढायचं काम क्लचचं. क्लच पूर्ण सुटत नसेल तर खुंटांवर जोर राहतो, मग गिअर लागत नाही, लागला तर आपटून लागतो, आणि लागलेला निघत नाही म्हणून न्यूट्रल सापडत नाही. म्हणजे त्रास दिसतो गिअरमध्ये आणि असतो क्लचमध्ये.

हे ओळखायची एक साधी परीक्षा आहे, कोणालाही घरी करता येते, पाना सुद्धा लागत नाही. गाडी मेन स्टँडवर लावा, इंजिन बंद, किल्ली काढलेली. मागचं चाक हाताने हळू हळू फिरवत राहा आणि दुसऱ्या हाताने गिअर लिव्हर दाबत एक-दोन-तीन-चार आणि परत न्यूट्रलपर्यंत या. बोटं चेनपासून लांब ठेवा, आणि जवळ लहान मूल नको. आता जर इंजिन बंद असताना सगळे गिअर मऊ टकटक लागत असतील आणि चालू केल्यावरच त्रास होत असेल तर आतला ड्रम, काटे, खुंट हे बहुधा ठीक आहेत, दोष क्लच नीट न सुटण्यात आहे. आणि इंजिन बंद असताना पण लिव्हर जड जात असेल, परत जागेवर येत नसेल, अडकत असेल, तर मग लिव्हर, त्याचा शाफ्ट, त्याची स्प्रिंग इकडे बघायचं. वाडीच्या त्या गृहस्थांनी एवढं जरी केलं तरी गॅरेजवाल्याशी कशाबद्दल बोलायचं ते त्यांना कळेल. माझा अंदाज त्यांच्या पत्रावरून तरी क्लचचाच आहे, कारण न्यूट्रल न लागणं आणि पहिल्याला गाडी उडी मारणं ही क्लच न सुटण्याची अगदी ठरलेली लक्षणं.

मग क्लचवायर. ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते म्हणून जरा सविस्तर लिहितो. क्लचच्या लिव्हरला टोकाशी थोडा रिकामा खेळ लागतो, हीरो होंडाच्या 100 सीसी गाड्यांना 10 ते 20 मिमी, म्हणजे लिव्हरचं टोक बोटाने ओढलं तर साधारण एवढं ते विनाजोर आलं पाहिजे आणि मग जोर लागायला सुरुवात झाली पाहिजे. खेळ फार जास्त असेल तर लिव्हर पूर्ण दाबूनही क्लच अर्धवटच सुटतो, गिअर खडखड करतो. अजिबात खेळ नसेल तर क्लच कायम थोडा दाबलेला राहतो, प्लेटी घसरतात आणि जळतात. लोक काय करतात, गिअर कडक झाला की खेळ काढून टाकतात, वायर ताणून तारेसारखी करतात, दोन महिने बरं वाटतं आणि मग प्लेटी गेल्या म्हणून परत गॅरेजमध्ये. खाली इंजिनपाशी जो नट असतो त्याने हा खेळ ठरवायचा, दोन पान्यांचं काम आहे.

पण खेळ बरोबर असूनही क्लच सुटत नसेल तर वायर काढून हातात घेऊन बघा. नळीच्या तोंडाशी तार पिंजलेली असते, एक-दोन केस तुटून आत अडकलेले असतात, किंवा नळीच चेपलेली असते, हँडल वळवलं की ताण बदलतो. डावीकडे वळताना आणि उजवीकडे वळताना क्लचचा खेळ वेगळा लागत असेल तर वायर चुकीच्या बाजूने घेतलेली आहे असं समजा, बऱ्याच वेळा हेडलाइटचं काम करताना कोणीतरी ती दुसरीकडून घालून देतो. नळी उभी टांगून वरून पातळ ऑइलचे थेंब सोडायचे, खालून स्वच्छ ऑइल येईपर्यंत. जाड ग्रीस घालू नका, त्याने धूळ चिकटते आणि वायर अजून जड होते. आणि तुटलेली असेल तर सरळ नवीन टाका, कंपनीचीच घ्या, इंजिन खोलायच्या मजुरीपुढे तिची किंमत काहीच नाही.

अजून एक जागा आहे जिकडे कोणी बघतच नाही. क्लचच्या लिव्हरला जो बोल्ट असतो तिथलं भोक जुन्या गाडीत लांबट झालेलं असतं, आणि वायरचं बोंडूक बसतं ती जागा पण खाल्लेली असते. लिव्हर वरखाली डुलते ना, तेच ते. तिथे जी दोन-चार मिलिमीटर ओढ वाया जाते तीच क्लच पूर्ण सुटायला कमी पडते. लिव्हर आणि बोल्ट दोन्ही बदला, जमल्यास तिचा कप, म्हणजे लिव्हर बसते ती बैठक, सुद्धा. मंगळबाजारात मिळणाऱ्या रंगीत फॅशनच्या आखूड लिव्हर जुन्या गाडीला लावू नका, त्यांची ओढच वेगळी असते.

आता ऑइल. चार-स्ट्रोक बाइकमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर तिघांना एकच ऑइल असतं, हे पुष्कळ लोकांना माहीत नसतं. क्लचच्या प्लेटी त्या ऑइलमध्येच बुडून चालतात. म्हणून ऑइल जुनं झालं, काळं पातळ झालं की त्याचा पहिला परिणाम पायाला कळतो, इंजिनच्या आवाजाच्या आधी. ज्याला रोज गाडी चालवायची सवय आहे त्याच्या पायाला ते बरोबर कळतं. डब्याच्या मागे बारीक अक्षरात जासो एमए किंवा एमए2 लिहिलेलं असतं, तेवढं बघून घ्या. हे जपानी मानक 1998 साली आलं, एमए2 नंतर 2006 मध्ये, आणि त्याचा अर्थ एवढाच की हे ऑइल ओल्या क्लचला चालतं. जासो एमबी लिहिलेलं असेल तर ते गिअर नसलेल्या स्कूटरसाठी, ते बाइकमध्ये नको. कारचं उरलेलं ऑइल बाइकमध्ये ओतायची पण सवय आहे आपल्याकडे, त्यातल्या काहींमध्ये घर्षण कमी करायची द्रव्यं असतात, त्याने क्लच घसरायला लागतो. आणि जाडी पुस्तकात दिलीय तीच ठेवा, जुन्या गाडीला जाड ऑइल बरं असा एक समज आहे, त्याने इंजिनचा आवाज जरा दबतो हे खरं पण डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी क्लचच्या प्लेटी एकमेकींना चिकटून बसतात आणि पहिला गिअर टाकताना गाडी दणका देते. थंडीत किक मारायच्या आधी क्लच दाबून धरून दोन-चार किका मोकळ्या मारा, प्लेटी सुटतात, मग चालू करा. दणका निम्म्याने कमी होतो.

ऑइलचं माप बघताना गाडी मेन स्टँडवर सरळ उभी पाहिजे, आणि होंडा-हीरोच्या गाड्यांची ऑइल मोजायची काडी पेच न फिरवता नुसती आत टेकवून बघायची असते. स्प्लेंडरला बदलताना 900 मिली साधारण लागतं. गरम असताना काढा आणि काढलेलं ऑइल फेकायच्या आधी एका पांढऱ्या फडक्यावर थोडं ओता. बारीक चमक दिसली तर घाबरू नका, जुन्या इंजिनात एवढी असते. पण लोखंडाचे खरोखरचे तुकडे हाताला लागले तर मात्र गिअरचा दात किंवा खुंट तुटलाय, मग इंजिन खोलावंच लागेल. आणि तपकिरी भुसा दिसला तर तो क्लचच्या प्लेटींचा. एवढी माहिती त्या फडक्यावर मिळते आणि आपण ते काळं ऑइल न बघता डब्यात जाऊ देतो.

याच्यात आपल्या बडोद्याचं एक खास प्रकरण आहे आणि त्याच्यावर मला मुद्दाम लिहायचंय. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री आली तेव्हा नदी 35 फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी 25 फूट, आणि अकोटा, समा, फतेगंज, मुजमहुडा इकडे पार्किंगमधल्या गाड्या दोन-दोन दिवस पाण्याखाली होत्या. 2019 च्या 31 जुलैला पण तेच झालं होतं. पाणी उतरल्यावर लोकांनी काय केलं, गाडी धुतली, प्लग पुसला, एअर फिल्टर बदलला, चालू झाली की खूश. ऑइल कितींनी बदललं? बुडालेल्या गाडीत पाणी ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनमधली हवा बाहेर सोडणाऱ्या, नळीतून, एअर फिल्टरमधून, सायलेन्सरमधून आत जातं आणि ऑइलमध्ये मिसळून ते दुधाच्या चहासारखं होतं. तशा ऑइलमध्ये क्लचच्या घर्षणाच्या प्लेटी फुगतात, मधल्या लोखंडी प्लेटींना गंज धरतो, आणि मग त्या एकमेकींपासून सुटत नाहीत. क्लचवायरच्या नळीत शिरलेलं पाणी तर महिनोन्महिने आतच राहतं, बाहेरून वायर नवी दिसते आणि आतून गंजलेली असते. पूर ओसरल्यानंतर चार-सहा महिन्यांनी माझ्याकडे ओळखीतले लोक गाड्या दाखवायला यायला लागले, सगळ्यांची एकच तक्रार, गिअर कडक झाला, आणि कोणीच त्याचा पुराशी संबंध लावत नव्हतं कारण गाडी तर पुरानंतर चालू झाली होती!

तर बुडालेल्या गाडीला आधी किक मारूच नका. आत पाणी असेल तर पिस्टन ते पाणी दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. प्लग काढून मग किक मारा, पाणी बाहेर येऊ द्या. ऑइल काढून टाका, साधं स्वस्त ऑइल भरून थोडी चालवा, गरम झाल्यावर तेही काढा, परत दुधाळ निघालं तर परत एकदा, आणि मग चांगलं ऑइल भरा. क्लचवायर काढून सुकवून ऑइल द्या नाहीतर नवीनच टाका. गिअर लिव्हरच्या शाफ्टचं ऑइल सील, चेन आणि मागच्या चाकाची बेअरिंग बघून घ्या. ज्यांच्या गाड्या त्या पुरात होत्या आणि ज्यांनी तेव्हा हे केलं नाही त्यांनी निदान आता क्लचच्या प्लेटी काढून बघाव्यात. पाऊस दर वर्षी येतो आणि अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रेल्वेखालचा रस्ता, दर वर्षी भरतं, त्याच्यातून गाडी घालणारे पण दर वर्षी असतात.

पुढे गिअरच्या लिव्हरकडे येऊ. आपल्याकडे पुढेमागे दोन्ही बाजूला दाबायचा लांब लिव्हर असतो, चपला घालून चालवणाऱ्यांसाठी तो फार चांगला, स्प्लेंडरमध्ये तर पुढे दाबत गेलं की गिअर वर आणि टाचेने मागे दाबलं की खाली, पायाचा पंजा आत घालायचं कामच नाही. पण हा लिव्हर ज्या शाफ्टवर दातऱ्यांमध्ये बसतो तो बोल्ट ढिला झाला की लिव्हर नुसता डुलतो, आपण दाबतो तेवढं शाफ्टपर्यंत पोचतच नाही, अर्धा गिअर लागतो. बोल्ट वेळेत कसला तर विषय संपला. नाही कसला तर लिव्हरच्या दातऱ्या झिजतात, लिव्हर बदलायचा, तोही स्वस्तच असतो. पण गॅरेजमध्ये याच्यावर जो उपाय करतात तो पाहून मला खरंच वाईट वाटतं, लिव्हर सरळ शाफ्टला वेल्डिंग करून टाकतात! वेल्डिंगच्या उष्णतेने आतलं ऑइल सील जळतं, ऑइल गळायला लागतं, आणि पुढे कधी ते कव्हर उघडायचं झालं तर लिव्हर कापावा लागतो, शाफ्टचं काम वाढतं ते वेगळंच. कोणी असं करायला निघाला तर गाडी घेऊन तिथून निघून या.

लिव्हरची जागा पण बघा. सवयीच्या बुटात किंवा चपलेत बसून पाय फुटरेस्टवर ठेवल्यावर पंजा न उचलता लिव्हर दाबता आला पाहिजे. गाडी कधी डाव्या बाजूला पडली असेल तर शाफ्ट किंचित वाकलेला असतो किंवा लेगगार्ड आत येऊन लिव्हरला टेकत असतो, लिव्हर पूर्ण खाली जात नाही, त्याला कोणी गिअरबॉक्स म्हणू नये.

चेनबद्दल थोडक्यात. चेन सैल असेल, मध्यावर 20 ते 30 मिमीपेक्षा बरीच जास्त लोंबत असेल, तर गिअर बदलताना दर वेळी झटका बसतो आणि तो झटका आपल्याला गिअरचा वाटतो. मागच्या चाकाच्या हबमधले रबर झिजलेले असले तरी तेच. चाक धरून चेनचं चक्र पुढेमागे हलवून बघा, मोकळं हलत असेल तर रबर बदला. आणि इंजिनची स्लो रेस उगाच वाढवून ठेवू नका, सकाळी बंद पडते म्हणून रेस चढवून ठेवलेल्या गाडीचा पहिला गिअर आपटणारच, त्यापेक्षा कार्बोरेटर साफ करून घ्या.

हे सगळं करून मग पाय. चालवणाऱ्याच्या सवयीने जेवढे गिअर खराब होतात तेवढे वयाने होत नाहीत असं माझं मत आहे आणि ते मी ठामपणे मांडतो. गिअर लिव्हरवर पाय ठेवून गाडी चालवायची सवय फार लोकांना आहे, त्याने आतले काटे गिअरच्या खाचेत सतत एका बाजूला घासत राहतात आणि झिजतात. दुसरं म्हणजे एक गिअर टाकल्यावर पाय पूर्ण उचलून लिव्हर जागेवर येऊ द्यायला पाहिजे, कारण आतला पंजा परत मागे येऊन पुढच्या घराला धरतो, तो मागे यायच्या आत परत दाबलं तर पोकळ दाब जातो, गिअर लागत नाही आणि माणूस अजून जोरात लाथ मारतो. तिसरं, गाडी उभी राहिल्यावर चौथ्यातून पहिल्यात आणू नका. उभ्या गाडीत खुंट समोरासमोर येऊन अडकतात, भोकासमोर येत नाहीत. थांबायच्या आधी, गाडी लोळत असतानाच एक-एक खाली आणत दुसऱ्यावर या, मग पहिला किंवा न्यूट्रल, चालत्या गाडीत न्यूट्रल सहज सापडतं. आणि चुकून उभ्या गाडीत अडकलाच तर लाथ मारू नका, क्लच किंचित सोडून परत दाबा किंवा गाडी जराशी पुढेमागे हलवा, लगेच लागतो. घरात एक स्प्लेंडर आणि एक पल्सर असेल तर मुलांना दोन्हीची चाल वेगळी समजावून सांगा, स्प्लेंडरमध्ये सगळे गिअर पुढे खाली दाबून आणि पल्सरमध्ये पहिला खाली दाबून, बाकीचे वर, घाईत उलटा गिअर टाकून मुलं इंजिनला किंचाळायला लावतात.

पावागढला माचीपर्यंत जुनी गाडी घेऊन जाणारे आपल्यात पुष्कळ आहेत, चैत्रात आणि नवरात्रात तर विचारूच नका. त्या चढावर गाडीची खरी तब्येत कळते. तिथे दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण जोर असताना गिअर आपोआप निसटून न्यूट्रल होत असेल तर मात्र मी म्हणेन की आत काम आहे. एकाच ठराविक गिअरला, जोर दिल्यावर, परत परत निसटणं याचा अर्थ त्या गिअरच्या खुंटांचे कोपरे गोल झालेत किंवा काटा वाकलाय. सगळेच गिअर कडक असणं आणि एकच गिअर निसटणं यातला फरक लक्षात ठेवला तर फसायची वेळ येणार नाही.

इंजिन खोलायचं ठरलंच तर आधी फक्त उजव्या बाजूचं क्लच कव्हर काढायला सांगा, पूर्ण इंजिन फोडायची घाई नको. तेवढ्यात पुष्कळ काही दिसतं. क्लच हाउसिंगच्या ज्या बोटांमध्ये प्लेटींचे कान बसतात तिथे खाचा पडलेल्या असतात, प्लेटी त्यात अडकतात म्हणून सुटत नाहीत, नख लावून बघितलं तरी कळतं. खाचा थोड्या असतील तर बारीक कानशीने सपाट होतात, खोल असतील तर हाउसिंग बदला. लोखंडी प्लेटी काचेवर ठेवून वाकल्यात का बघा. स्प्रिंगा सगळ्या एकदम बदला, एक नवी तीन जुन्या असं नको, प्लेटवर दाब तिरका पडतो. नव्या घर्षणाच्या प्लेटी बसवायच्या आधी रात्रभर ऑइलमध्ये बुडवून ठेवायला सांगा. तिथेच गिअर ड्रमच्या टोकाला चांदणीसारखी एक तबकडी आणि तिच्यावर दाबून बसलेला छोटा रोलर असतो, त्याची स्प्रिंग दमलेली असेल किंवा तबकडीचा बोल्ट ढिला असेल तर गिअर मध्येच लटकतात, न्यूट्रलचा दिवा लागतो आणि गाडी गिअरमध्ये असते. हीरो होंडाच्या जुन्या इंजिनात तिकडेच एक फिरती ऑइल फिल्टरची डबी असते, तिच्यात वर्षांचा गाळ बसलेला असतो, तो आणि खालची जाळी त्याच वेळी साफ करून घ्या, परत कव्हर उघडायला नको.

आणि एक विनंती मेकॅनिक भाईंना. क्लचच्या मधला जो चार खाचांचा नट असतो त्याला त्याचाच पाना येतो, तो छन्नी-हातोडीने काढू नका आणि बसवूही नका. खाचा फुटतात, नट बरोबर कसला जात नाही, पुढे ढिला होतो आणि पूर्ण क्लच डुलायला लागतो. तो पाना महाग नाही.

बुलेटवाले, येझ्दीवाले म्हणतील आमचं काय. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचा गिअर उजव्या पायाला, गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा, आणि क्लच तिसरीकडे वेगळ्या कव्हरमध्ये, म्हणजे इंजिनचं ऑइल बदलून गिअर मऊ होणार नाही, प्रत्येकाचं वेगळं बघावं लागतं. तिला न्यूट्रल शोधायला वेगळी छोटी कांडी दिलेली असते, ती पहिला सोडून बाकी गिअरमधून चालते, ती वापरा, मोडली म्हणून काढून टाकू नका. येझ्दीचा कारखाना म्हैसूरला 1996 मध्ये बंद झाला पण गाड्या अजून पळताहेत, तिच्यात गिअरचा लिव्हर दाबला की क्लच आतून आपोआप पण सुटतो, म्हणून तिथली आतली सेटिंग आणि वायरची सेटिंग दोन्ही एकमेकांना जुळलेल्या पाहिजेत, फक्त वायर ताणून ती गाडी सुधारत नाही. आरएक्स 100 आणि इतर टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर जळणारं ऑइल वेगळं आणि गिअरचं ऑइल वेगळं. गिअरचं ऑइल जळत नाही म्हणून लोक ते वर्षानुवर्षं बदलतच नाहीत, पहिलं काम ते करा.

15 वर्षं झाली की आरटीओत जाऊन आरसी पाच वर्षांसाठी वाढवून घेता येते, गाडी तपासणीत नीट असली तर. म्हणजे कायदा पण गाडीला संधी देतो, मग फक्त पायाला कडक लागते म्हणून ती भंगारवाल्याला का द्यायची. महिना काढणाऱ्या माणसाला नव्या बाइकचे हप्ते ही छोटी गोष्ट नाही, आणि जुनं 100 सीसीचं इंजिन नीट ठेवलं तर पेट्रोल पण कमीच पितं.

शेवटी संपादक साहेब तुमच्याकडे आणि गावातल्या जाणत्या लोकांकडे एक मागणं आहे. याच बडोद्यात 1890 साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढलं, हातात हुन्नर असलेल्या मुलांना त्यांच्याच भाषेत तंत्र शिकवायला. तेच आज युनिव्हर्सिटीचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तिथे किंवा आयटीआयमध्ये रविवारी सकाळी चार-पाच आठवड्यांचा एक वर्ग गॅरेजमध्ये काम करणाऱ्या मुलांसाठी घेता येणार नाही का? गुजरातीत घ्या, मराठीत घ्या, एक जुना गिअरबॉक्स कापून टेबलावर ठेवा, मुलांना स्वतःच्या हाताने ड्रम फिरवून बघू द्या की काटा कसा सरकतो. ही मुलं हुशार आहेत, दहा-बारा वर्षांची असल्यापासून पाना धरतात, पण आत काय चालतं ते त्यांना कोणी दाखवलेलं नसतं, म्हणून ग्राहक आला की सगळ्याला एकच उत्तर, एन्जिन खोलवुं पडशे. त्यांची लबाडी असते असं मी म्हणत नाही, त्यांना जे शिकवलं तेवढंच ते सांगतात. कॉलेजचे निवृत्त प्राध्यापक आणि जुने वर्कशॉपवाले आपल्या मराठी मंडळींत भरपूर आहेत, कोणी पुढाकार घेतला तर मी माझी हत्यारं आणि एक खोललेलं स्प्लेंडरचं इंजिन घेऊन यायला तयार आहे.

आणि वाडीच्या त्या गृहस्थांना सांगा, गाडी विकू नका, या रविवारी मेन स्टँडवर लावून चाक फिरवून बघा आणि काय दिसलं ते तुमच्या पेपरला कळवा, पुढचं मी लिहीन.

आपला,
एक नियमित वाचक
दांडिया बाजार, बडोदा